बिनजाळीचं अंजीर

सापळा पुन्हा मातीनं ठासून भरलेला निघाला. इदालिनानं तो बिळातून ओढून काढला, दगडावर आपटून माती झाडली आणि मेलेल्या नवऱ्याला एक शिवी हासडली. गोफरला देऊन झाल्या होत्या. सकाळपासून तिच्याजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या.

गोफर म्हणजे घुशीचाच मावसभाऊ. दिसत नाही, ओरडत नाही, खालच्या खाली मुळं खात फिरतो आणि वर नुसते मातीचे ढीग काढून ठेवतो. काल हिरवळीवर सहा होते, आज नऊ. नववा अंजिराच्या बुंध्यापासून जेमतेम हातभर. चर्चहून आल्यावर तिनं काळा झगासुद्धा बदलला नव्हता, आणि त्याच्या गुडघ्यांना फेब्रुवारीतल्या पावसाचा चिखल थापला गेला होता.

नवरा, जुवेनाल, गेला तेव्हा मुलानं, नेल्सननं, तिच्यामागे शहरात चल म्हणून धोशा लावला होता. "तुझ्या बापानं लावलेलं हे अंजीर जिवंत आहे तोवर मी इथून हलायची नाही," असं ती बोलून गेली. नेल्सननं, "बरं, अंजीर असेपर्यंत," म्हणून हातावर हात मारून घेतला. तेव्हा झाड तिच्या कमरेएवढं होतं. आता ते तिच्या डोक्यावर गेलं होतं, आणि गोफर त्याच्यापर्यंत पोचला होता.

जुवेनाल असता तर दोन दिवसांत निकाल लागला असता. गावात कुणाच्या बागेत ढीग दिसला की लोक आधी त्याला हाक मारायचे. त्याच गुर्मीत तर सगळं बिघडलं. इथं शेंबडं पोरसुद्धा झाड लावण्याआधी खड्ड्यात तारेची जाळी बसवतं. ती तेव्हा कानीकपाळी ओरडली होती. त्यावर हा म्हणे, "झाड आहे ते, कोंबडी नाही पिंजऱ्यात घालायला. आणि मी असताना गोफरची काय बिशाद?" मी असताना! पुढच्याच हिवाळ्यात हा गेला.

"आई, सूप गार होतंय." नेल्सन इस्त्रीच्या कपड्यांत, चिखल चुकवत आला. त्याच्या हातात बॅटरीवर चालणारी एक लांब दांडी होती. "हे बघ काय आणलंय. जमिनीत खोचायची. अर्ध्या अर्ध्या मिनिटानं घूं घूं करते. गोफर वैतागून निघून जातो."

"म्हणजे आता त्याला गाणी ऐकवायची? नाचेल हो, नाचेल. नाचून भूक लागली की राहिलेलं पण खाईल."

"एकदा लावून तर बघू."

"तुझं काय जातंय? तू तर त्याच्याच बाजूचा."

"कुणाच्या?"

"गोफरच्या."

नेल्सन हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो अंजिराजवळ गेला आणि दांडी खोचायला वाकला. तोल सांभाळायला त्यानं दुसरा हात बुंध्यावर टेकवला.

झाड कलंडलं. ना काही मोडलं, ना काही तडकलं. नेल्सननं घाईनं ते धरलं, तर खुर्ची उचलावी तसं अख्खं हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. बुंधा सगळीकडून कुरतडून टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा झाला होता.

ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना. "आई, मी काही नाही केलं गं. नुसता हात लावला."

"दिसतंय मला."

तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप आला. "जाळी घाल म्हटलं होतं ना रे तुला, मेल्या!" ती मोकळ्या खड्ड्याकडे बघून ओरडली. "एकदा, आयुष्यात एकदा तरी माझं ऐकायचं होतंस!"

नेल्सननं तिचा भर ओसरू दिला. मग हळूच विचारलं, "आता काय करायचं, आई?"

तो काय विचारतोय हे तिला बरोबर कळलं. तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं, आत जाऊन कात्री आणली आणि त्याच्या हातातलं झाड आडवं पाडलं. हिवाळा म्हणून पानं नव्हती, पण फांद्यांवरचे कोंबांचे डोळे घट्ट आणि हिरवट होते. वीतवीतभर लांबीच्या काड्या कापून तिनं हिरवळीवर ओळीनं मांडल्या. अंजिराची काडी मातीत खोचली की धरते, हे समुद्रापलीकडच्या त्यांच्या बेटावरून इथं येऊन राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"मोज," ती म्हणाली.

"सात."

"एक होतं, सात झाली."

"आई, आपलं असं नव्हतं ठरलं."

"अंजीर जिवंत असेपर्यंत, असंच ठरलं होतं. आता बस सातही मरायची वाट बघत."

नेल्सननं एकदा ढिगांकडे पाहिलं, एकदा तिच्या गुडघ्यांकडे. मग चांगल्या पँटीनिशी तिच्याशेजारी चिखलात बसला.

"यातली एक मला दे," तो म्हणाला. "कुंडीत लावतो, शहरात, माझ्या गॅलरीत. चौथा मजला आहे. गोफर काय, मुंगी पण चढत नाही तिथं."

इदालिनानं एकेक काडी उचलून पाहिली, डोळे चाचपले, आणि सगळ्यांत जाड होती ती निवडून त्याच्यापुढे केली. त्यानं ती धरली तरी तिनं सोडली नाही.

"रोज बघावं लागतं हिच्याकडे," ती म्हणाली. "तू तर रात्री नऊला घरी येतोस. मग दिवसा हिच्याजवळ कोण थांबणार?"