बॅप्टिस्टच्या पिस्तुलातली खोट

"रिकामं आहे ना?" शत्रुघ्ननं विचारलं.

इनेझनं मॅगझिन काढली, खटका मागं ओढून नळी उघडी केली, उजेडाला धरून पाहिली आणि मगच पिस्तूल टेबलावर ठेवलं. नवऱ्याचं बघून बघून बाईही शिकली, असं शत्रुघ्नच्या मनात आलं.

तिचा नवरा बॅप्टिस्ट डाबरे जाऊन वर्ष झालं होतं. पॉइंट टू टूचं हे जर्मन पिस्तूल त्यानं नेमबाजीच्या नादापायी एका पारशाकडून घेतलेलं. त्याच्या जोरावर दर साली वसईच्या क्लबचा कप तो नंदाखालला घेऊन जायचा. आणि दर साली दुसरा कोण? शत्रुघ्न राऊत. आगाशीच्या बाजारात केळ्यांचा एवढा मोठा व्यापारी, पण लोक पाठीमागं त्याला 'नंबर दोन' म्हणायचे. हे त्याला फार झोंबायचं.

आता बॅप्टिस्ट नव्हता. रविवारी कप होता, आणि यंदा पहिला येणारा राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जाणार होता. क्लबच्या जुन्या खटारा पिस्तुलावर कप मिळाला असता, पण पुण्यात शोभा झाली असती. नवं विलायती घ्यावं तर परवाने आणि आयातीचे शंभर फाटे. म्हणून इनेझचा निरोप आला तसा तो केळीचे घड तिथंच टाकून स्कूटरवर बसला होता.

"विकायचं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याएवढं जाणणारं इथं आहे कोण? एकदा बघा तरी."

बॅप्टिस्ट गेल्यावर पोलिसांकडे जमा असलेलं पिस्तूल घरी आलं, म्हणजे परवान्याचं सगळं दीर आल्बर्टनं केलं असणार. त्याचं मन वळवायला कितीसा वेळ लागतो? शत्रुघ्ननं पिस्तूल उचललं आणि तो आतून हरखून गेला. असली वस्तू जन्मात पुन्हा मिळायची नव्हती. पण व्यापारी माणूस तो. घड कितीही टपोरे असोत, तोंड वाकडं केल्याशिवाय त्यानं आजवर एकही बाग घेतली नव्हती.

"राग मानू नका वहिनी, पण ह्याची पार रया गेलीय."

"काय सांगता?" इनेझ खुर्ची ओढून समोर बसली.

"ही लाकडी मूठ बघा, किती तासलीय. बॅप्टिस्टचा पंजा केवढा होता! दुखण्यात हात वाळला म्हणून तासली असणार. माझ्या हातात ही फिरते."

"हो का. आणि?"

"आणि तोंडाकडून हलकं लागतंय. नळीखाली वजनं होती ना?"

"डब्यात आहेत. जड व्हायचं म्हणून काढली. हात थरथरतो ना."

"तिथंच तर घोळ झाला. तोंड हलकं झालं की थरथर वाढते." शत्रुघ्न हसला. शेवटी शेवटी बिचाऱ्या बॅप्टिस्टला काही सुचत नव्हतं म्हणायचं. "आणा डबा, दाखवतो."

त्यानं वजनं बसवली. नेम धरायची मागची खाच डुगडुगत होती. "नेम एकीकडे, गोळी भलतीकडे," असं म्हणत तीही त्यानं आवळून टाकली. तासलेल्या मुठीचा टोचणारा कंगोरासुद्धा कानशीनं घासून दिला. हे सगळं किती बिघडलंय ते बाईला कळायला हवं होतं.

"नेमाच्या जुन्या कागदांवर भोकं डावीकडे खाली दिसतात," इनेझ म्हणाली. "ते कशानं?"

"पाहा, तुम्हीच कबूल केलंत. चाप अडखळतो. घाईनं ओढला की गोळी गेलीच खाली." त्यानं स्क्रू जरासा फिरवला. "बोटाचं फक्त टोक लावायचं आणि सरळ मागं, कळत नकळत दाबत न्यायचं. असं."

"परत दाखवा."

त्यानं परत दाखवलं. एवढ्या कौतुकानं त्याचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याला चांगलाच चेव आला होता. श्वास कुठं रोखायचा, पाय कसे ठेवायचे, हेही त्यानं सांगून टाकलं.

"इतकं बिघडलेलं घेणार तरी कोण?" इनेझनं सुस्कारा सोडला.

"माझ्यासारखा एखादा खुळा," तो पडेल आवाजात म्हणाला. "दोस्ताची आठवण म्हणून."

"रविवार होऊ दे. मग बोलू."

घरी त्यानं बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "जिजा, अशा खोटी काढल्या की बाईचा चेहराच उतरला."

"कितीला देते म्हणाली?"

"ते बोलणं व्हायचंय."

"म्हणजे फुकट दुरुस्त करून आलात."

"अगं, आपलंच होणार आहे ते," शत्रुघ्न म्हणाला आणि दोन घास जास्त जेवला.

रविवारी सातिवलीच्या डोंगराच्या पायथ्याशी, क्लबच्या मैदानात, पहिल्याच तुकडीत त्यानं क्लबच्याच पिस्तुलानं उभ्या आयुष्यात मारला नसेल असा नेम मारला. त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. लोकांनी पाठ थोपटली. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत. सगळ्यांना घेऊन तो कारखान्यांसमोरच्या टपरीवर गेला, चहा पाजला, वडे खिलवले. मागं शेवटच्या तुकडीचे बार ऐकू येत होते.

"एक तुकडी बाकी आहे, शेठ," कोणीतरी म्हणालं.

"होऊ द्या की. नवशिकी मंडळी आहेत, त्यांनाही हौस असते."

थोड्या वेळानं सगळे परतले. क्लबचा सेक्रेटरी आग्नेल खुर्चीवर चढला आणि वाचू लागला. "दुसरा क्रमांक, शत्रुघ्न राऊत."

"आग्नेल, नीट वाच," शत्रुघ्न म्हणाला.

पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं. बॅप्टिस्टच्या काळातही झाला नव्हता असा टाळ्यांचा कडकडाट चालला होता. गर्दी बाजूला झाली आणि पदर कमरेला खोचलेली इनेझ, हातात तेच पिस्तूल नळी उघडी करून घेऊन, थेट त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"शत्रुघ्नभाऊ," ती म्हणाली, "पुण्याला निघायच्या आधी अजून एकदा बघून द्या. काही खोट राहिली असेल तर आत्ताच सांगा."