उजवी पानं

बाळांनो, असं समजा की तुमच्यासमोर एक पुस्तक आहे आणि त्याचं प्रत्येक पान फक्त एकदाच उलटता येतं. पण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

राहुरीच्या दिशासमोर असंच पुस्तक होतं. आजीच्या वडिलांचं, भीमराज शाहिरांचं. जलशात गायलेली चाळीस गाणी, नगरच्या एका लहानशा छापखान्यात छापलेली. मुखपृष्ठ कधीच गळून गेलं होतं. दुसरी प्रत कुठे नव्हती. प्रत्येक गाणं उजव्या पानावर सुरू व्हायचं आणि त्याच पानाच्या पाठीमागे संपायचं.

दिशाच्या पप्पांनी स्टुलाला कॅमेरा बांधला. खाली पुस्तक, त्यावर फोटोफ्रेमची काच.

"आधी सगळ्या उजव्या पानांचे फोटो काढू," ते म्हणाले. "मग पुस्तक फिरवून डाव्या पानांचे. सारखा कॅमेरा हलवायला नको."

दिशा पानं उलटत गेली. पानं कुरकुरत होती.

"हळू गं," भागिरथी आजी खाटेवरून म्हणाली. "माझा बाप हाय त्यो."

"पणजोबा तापट होते का?"

"एक पान फाडून बघ, मग कळंल."

चाळीस फोटो झाले. पप्पांनी पुस्तक फिरवायला उचललं आणि उलटलेल्या पानांचा सगळा गठ्ठा त्यांच्या हातात चुरला. भाजलेला पापड मुठीत चुरावा तसा.

पप्पांनी कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले. सगळी गाणी सुरू होत होती. एकही संपत नव्हतं.

"आये, अर्धं तर वाचलं," ते म्हणाले. "बाकीचं तुला पाठ असंल ना?"

आजीने एक गाणं म्हणून पाहिलं. मग दुसरं. दोन्ही मध्येच थांबली.

"आपलं नाव शेवटच्या कडव्यात घालायचा त्यो," ती म्हणाली. "दर गाण्यात. आता ही गाणी कुनाची म्हनायची?"

पप्पा केरसुणी घेऊन आले आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

दिशाने ती त्यांच्या हातातून घेतली, दाराबाहेर ठेवली. पंखा बंद केला. मग खाली बसून चिमटीने एक कपटा उचलला आणि काचेखाली सरकवला. त्यावर दीडच अक्षर होतं. तिने बटण दाबलं आणि दुसरा कपटा उचलला.