जांभळ्या कपड्याचं काज

शेवटच्या शर्टाचं शेवटचं काज पुरं झालं. खुर्शीदाने दातांनी दोरा तोडला आणि मान मोकळी केली.

त्या दिवशी चामोर्शीत बाजार नव्हता, कुठला सणही नव्हता. सकाळभर हूक लावले, दुपारी दोन साड्यांना फॉल लावला. मधे वीज गेली. पण शिलाई मशीन पायाची, त्यामुळे दुकानात अयूब मास्टरचं काम अडलं नाही. दोघांत बोलणं झालं ते "निळा दोरा द्या" आणि "हा आजच पायजे" एवढंच.

दिवेलागणीला मास्टरने कपाटावरचा टीव्ही लावला. एका चॅनलवर त्या वेळेला कितीतरी वर्षांपूर्वीचे खेळांचे कार्यक्रम दाखवायचे. रंग उडालेले, माणसांच्या कॉलरी खांद्यापर्यंत पसरलेल्या. आपण ते कपडे पाहण्यासाठी लावतो, असं मास्टर सांगायचे.

"पाहा बाई, कॉलर हाय का पतंग!"

खुर्शीदा हसायची. काम आटोपलं तरी ती तेवढा वेळ थांबायची आणि घरी जावेला सांगायची, आज काम जास्त होतं.

आजचा खेळ नवरा-बायकोचा होता. बायकोला काचेच्या खोलीत बसवलेलं, कानांवर आवाज न येणारं यंत्र. बाहेर नवऱ्याला प्रश्न. बायकोचा आवडता रंग कोणता? तिला राग कशाचा येतो? नवरा घाम पुसत काहीतरी ठोकून द्यायचा. मग बायको बाहेर यायची आणि भलतंच सांगायची. लोक पोट धरून हसायचे.

ब्लाउज न्यायला आलेली अंजनाबाई उंबऱ्यातच उभी राहून पाहत होती. तीही हसली.

"वीस वर्सं संसार केला अन् बायकोचा रंग माहीत नाई! मास्टर, तुमाले तं अख्ख्या गावाचं माप पाठ हाय. सांगा बरं, या आमच्या खुर्शीदाबाईले कोणता रंग आवडते?"

मास्टर एका बाहीची शिवण उसवत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "जांभळा."

"कायच्यावरून?"

"जांभळा कपडा आला का त्याचं काज सगळ्यात बारीक येते. बाकीच्याले तसं नाई येत."

खुर्शीदाने सुई सुयांच्या गादीत खोचली आणि तिचा हात तिथेच राहिला. जांभळा रंग तिने कधी अंगावर घातला नव्हता. नवरा होता तेव्हा दर ईदेला हिरवंच आणायचा. तिनेही कधी दुसरं मागितलं नाही.

अंजनाबाईला चेव आला. "अन् राग कशाचा येते?"

"सुई दातात धरली असताना कोणी बोललं, तं."

"अन् भीती?"

"भीती नाई म्हणता येत." मास्टरने उसवलेला दोरा चिमटीत धरून ओढला. "पण आभाळ गरजलं का कैची हातातली खाली ठेवते. मंग थांबते. मंग उचलते."

असं आपण करतो? खुर्शीदाने आठवून पाहिलं. करत असू. तिलाच ठाऊक नव्हतं.

"अवो माय!" अंजनाबाईने पदर तोंडाला लावला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तेव्हा आपण काय बोलून गेलो ते मास्टरच्या लक्षात आलं. त्यांचे कान तांबडे झाले.

"रोज समोर बसते म्हून दिसते," ते पुटपुटले आणि उगाचच कात्री शोधू लागले.

अंजनाबाईच्या कानी पडलेली गोष्ट जेवणाची भांडी घासून होईतो गल्लीभर पोचते, हे खुर्शीदाला ठाऊक होतं. घरी दीर होते. उद्या ते कामावर येऊ देतील की नाही, हाही प्रश्नच. उठावं, चप्पल घालावी आणि काही ऐकलंच नाही असं निघून जावं, हेच शहाणपणाचं होतं.

पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. या माणसाला कोणता रंग आवडतो? राग कशाचा येतो? मास्टर कधी रागावल्याचं तिला आठवेना. उजेडासाठी ती सदा रस्त्याकडे तोंड करून बसलेली. तिने पाहिले ते रस्त्यावरचे लोक, सायकली, गुरं. मागे मशीन चालायची आणि थांबायची. इतकी वर्षं मागे कोण बसलं होतं?

"जातो मी मास्टर," अंजनाबाई म्हणाली, पण जागची हलली नाही.

खुर्शीदा उठली. चप्पल तिने घातली नाही. कपाटाशी जाऊन तिने टीव्हीचा आवाज कमी केला. काचेतली बाई आता नुसतेच ओठ हलवत होती. खुर्शीदा वळली आणि मास्टरच्या समोरच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर गिऱ्हाईक बसायचं.

"मास्टर, एक विचारू?"

"विचारा नं."

"तुमाले भाजी कोणती आवडते?"

अंजनाबाईने उंबऱ्यावर बसकण मारली आणि ब्लाउजची पिशवी मांडीवर घेतली.

मास्टरने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"कोणी विचारलंच नाई आजवर," ते म्हणाले. "पाहावं लागन. थोडा टाइम द्या."

"घ्या नं," खुर्शीदा म्हणाली.