तेलाचं विरजण

“दोन घाणे काढा,” कारखाना विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीची तपासनीस बाई म्हणाली. “एक तुमचं विरजण घालून, एक न घालता. बाकी सगळं सारखं. दोन्ही तेलं आम्ही आमच्या इंजिनांत घालून बघू.”

“आणि फरक पडला तर?” ताईने विचारलं. वडिलांच्या मागे कारखाना तीच बघत होती.

“पडला तर कारखाना इथेच राहील, माणसंही राहतील. नाही पडला तर आम्हाला फक्त तुमचं नाव आणि डब्यावरचं चित्र हवंय. तेल आमच्याकडे उदंड आहे.”

काका टाकीला टेकून हात पुसत होते. ताईच्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. मिश्रणाच्या टाकीला दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे.

“परीक्षेला मुद्दाम नासकं तेल द्यायचं?” ते म्हणाले. “असलं इथे कधी झालं नाही.”

“झालंय की, एकदा,” डबे भरणारा घसरगुंडी बोलून गेला. तेलकट फरशीवर तो इतक्यांदा आपटला होता की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच काय ते आठवत असेल. काकांनी नुसतं बघितलं. तो गुपचूप झाकणं लावायला बसला.

कंपनीची सुरुवात एका कढईपासून झाली. ट्रक थांबत तिथे पत्र्याची शेड टाकून ताईचे वडील लाकडी फळीने तेल घोटत. ड्रायव्हर आपापल्या बाटल्या घेऊन येत. पहिलाच घाणा असा साधला की भरलेले ट्रक चढ चढून आले तरी इंजिन तापेना. का साधला, हे वडिलांनाही कळलं नाही. म्हणून त्यांनी त्यातलं डबाभर तेल राखून ठेवलं आणि दुसऱ्या घाण्यात ओतलं. दुसऱ्यातलं तिसऱ्यात. दह्यासारखंच. कढई गेली, टाक्या आल्या. पत्रे जाऊन इमारत उभी राहिली. गावोगावच्या दुकानांत त्यांचे डबे मांडले गेले. विरजणाचा डबा मात्र तोच राहिला.

गोदामाला आग लागली तेव्हा वडील आत धावले आणि तो डबा घेऊन बाहेर आले. हातांची कातडी पुन्हा कधी धड झाली नाही. त्यांना घास भरवताना ताईची आई टोमणा मारायची, “आत पोरगी असती, तर आधी कोण बाहेर आलं असतं?” वडील हसायचे.

ते इस्पितळात असताना घाईघाईत एक घाणा विरजणाशिवाय निघाला. त्या तेलावर चाललेल्या एका ट्रकचं इंजिन चढावर जाम झालं आणि ट्रक मागे घरंगळला. ड्रायव्हर काकांचा मेहुणा होता. दोष तेलाचा की ट्रकचा, हे कुणालाच सांगता आलं नाही. काकांनी कुणाला विचारलंही नाही.

मग मोठ्या कंपन्या आल्या. दुकानदार डबे मागच्या फळीवर सरकवू लागले, पुढे ठेवेनासेच झाले. आता कारखान्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. विरजण सोडलं, तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीच इथे नव्हतं.

पहिला घाणा निघाला. दुसऱ्या दिवशी दुसरा, विरजणाशिवायचा. बाईने सगळं मापून घेतलं. टाकी तापली तसा तिला वास सोसेना.

“ताई, त्यांना चहा तरी विचार,” काका म्हणाले. “डोळ्यांतून पाणी येतंय बिचारीच्या.”

दोघी चहा पिऊन परतल्या तेव्हा तेल निवत आलं होतं. बाईने आपल्या हाताने डबे भरून सील लावलं.

“काका, काय होईल हो?” ती गेल्यावर ताईने विचारलं.

“तेलाची काळजी नको करूस. आपलं तेल कुठे मान खाली घालायला लावणार नाही.”

कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

निकाल फोनवरच आला.

“दोन्हींत काडीचाही फरक नाही,” बाई म्हणाली. “वेगवेगळ्या इंजिनांत घालून बघितलं. तेल चांगलंय तुमचं, खरंच. पण तसं आमचंही आहे.”

दुपारी ताईने सह्या करून दिल्या. मग ती विरजणाच्या डब्यासमोर उभी राहिली. तिला वडिलांचे हात आठवले. आईचा प्रश्न आठवला. एका डबाभर साध्या तेलासाठी एवढं सगळं.

“हे ओतून टाक,” ती घसरगुंडीला म्हणाली. “जळक्या तेलाच्या ड्रममध्ये.”

“काकांना विचारलं का?”

“मालक कोण आहे इथे?”

त्याने डबा उपडा केला. तेल घट्ट होतं, सावकाश पडत राहिलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग रॉकेल घालून डबा धुवायला लावला.

काका डोळे तपासून आले ते थेट टाकीपाशी गेले आणि तसेच परत फिरले.

“डबा कुठाय?”

“सौदा झाला, काका. कारखाना बंद होणार. विरजण मी टाकून दिलं.”

“सगळं?”

“सगळं.”

काका रिकाम्या ड्रमवर बसले. “का गं?”

“का म्हणजे? दोन्ही तेलं सारखी निघाली! बाबांनी जन्मभर आपल्याला खुळ्यात काढलं. स्वतःलासुद्धा.”



“सारखी निघणारच,” काका म्हणाले. “विरजणाशिवायचं तेल मी फाटकाबाहेर जाऊ देईन होय? कुणाच्या तरी गाडीत पडलं असतं ते. दोन्ही घाण्यांत घातलं होतं मी.”