पोचपावती

ताईच्या गालावर एक फोडही नव्हता.

"बघ, तुझं औषध कसं मानवलंय मला," तिने चहाचा कप पुढे केला. "तिथे बाकीच्या बायका तोंड लपवत बसतात. कुणाचं कपाळ भरलंय, कुणाची हनुवटी. मी आपली गुळगुळीत."

धाकट्या भावाने कप घेतला. औषध त्याचंच होतं. ‘वाढ, वाढ’ असा निरोप पेशीला सारखा मिळत राहिला की कॅन्सरची गाठ होते. तो निरोप दारातच अडवायचा, या एका कामात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. पण तोच निरोप कातडीलाही लागतो. तो थांबला की तोंडावर पुरळ उठतं. प्रयोगशाळेत सगळे त्या पुरळाला पोचपावती म्हणत. औषध पोचलं, कामाला लागलं.

आता दुसऱ्या गावच्या इस्पितळात माणसांवर चाचणी चालू होती, ताईही तिच्यात होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची. कुणाला कुठली, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, त्यालाही नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नाही, हा नियम त्याने स्वतः विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता.

आणि इथे ताईचा चेहराच त्याला सांगत होता, साखरेची.

ताई नाटक कंपनीत रंगभूषा करायची. आजारपणातही नटूनथटून दार उघडायची आणि त्याच्या टकलावरून त्याला चिडवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

सांगावं तर चाचणी नासणार, नाव जाणार. गप्प बसावं तर ताई जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. दर रविवारी तो तिच्या गालांकडे बघायचा आणि मनातल्या मनात हात जोडायचा. एवढ्या शिकलेल्या माणसाने देवाकडे मागावं काय, तर बहिणीच्या तोंडावर पुरळ.

शेवटी एका रविवारी त्याला राहवलं नाही.

"ताई, तू यातून बाहेर पड. जुनी इंजेक्शनं सुरू कर. का ते विचारू नकोस."

"एकदा बाहेर पडलं की परत घेत नाहीत म्हणे."

"माहीत आहे मला."

"तू म्हणतोस तर पडते. औषध तुझं, तुलाच कळणार."

तिने उरलेल्या गोळ्या परत केल्या, त्याच संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. नियम मोडल्याची लाज वाटत होती, पण कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता येत होता. ताई बेसिनपाशी वाकून तोंड धूत होती. गहूवर्णी पाणी खाली वाहत होतं.

"डॉक्टर नको नको म्हणत होते. मी म्हटलं, माझा भाऊ सांगतोय." तिने चाचपडत टॉवेल ओढला. "सुटले एकदाची. तू यायचा म्हटलं की तासभर रंग थापत बसावं लागायचं. आपल्या औषधाने बहिणीचं तोंड बिघडवलं म्हणून रडत बसला असतास. लहानपणापासूनचा हळवा तू."

तिने टॉवेल बाजूला केला. कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक पोचपावती होती.