टाकीवरची उडी

"उडी खरी हवी. संगणकावर केलेली आम्ही खपवून घेणार नाही," चश्मिस पोरगा म्हणाला आणि त्याने सहा टी-शर्ट टेबलावर टाकले. प्रत्येकाच्या छातीवर सिनेमातल्या वावटळचा पिवळा मुखवटा छापलेला होता.

इस्त्रीवाल्याने पहिला टी-शर्ट उलटा करून घेतला. छापील चित्रावरून इस्त्री थेट फिरवली की रंग तिला चिकटतो.

"पहिल्या सिनेमात वावटळ पाण्याच्या टाकीवरून खरोखर उडी मारतो, काका. पाच मजले! आता तिसरा भाग येतोय, तर दिग्दर्शकाने तशीच दाखवावी. आमच्या अर्जावर वीस हजार सह्या झाल्यात. तुम्हीपण करा."

"मला नका ओढू त्यात."

"नुसतं ऐकूनच काकांना गरगरायला लागलं," मागून त्याच्या टोळक्यातलं कोणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

इस्त्रीवाला उंच स्टुलावरून उतरला आणि कंबर धरून दुसरा गठ्ठा आणायला गेला. डावा पाय मागून फरफटत आला.

ती उडी त्यानेच मारली होती. मुखवट्याआड तो होता. नायक तेव्हा छत्रीखाली बसून सरबत पीत होता. बाहेर कुठे वाच्यता करायची नाही, अशा कागदावर त्याची सही होती. कागदात काय आहे ते वाचून दाखवायला त्या दिवशी कोणी नव्हतं, आणि त्याला स्वतःला लिहिण्या-वाचण्यातली सही तेवढी यायची.

उडी झेलायला खाली रचलेली पुठ्ठ्याची खोकी एका बाजूला सरकली आणि खुबा मोडला. दवाखान्यात दिग्दर्शक त्याचा हात हातात घेऊन रडला होता. "उस्ताद, आता माझ्या सिनेमात कोणी माणूस टाकीवरून उडी मारणार नाही. मारलीच तर तुमच्या होकाराने."

त्या शब्दावर त्याने बारा वर्षं काढली होती.

संध्याकाळी मुलगी त्याच्या पायाला तेल चोळायला बसली. ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. कोपरावर तिच्या काळानिळा डाग होता.

"हे काय गं?"

"काठावरून घसरले. बाबा, वीस हजार लोकांना ती उडी अजून आठवते. ती तुमची होती हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. काहीच वाटत नाही तुम्हाला?"

"कंबर जागेवर असती तर वाटलं असतं."

"उडीच्या आधी काय केलंत ते सांगा ना परत."

"शंभरदा सांगून झालंय, माकडे." पण त्याने सांगितलं. "डाव्या टाचेने फळी दोनदा ठोकायची. आवाज भरीव आला तर जायचं. पोकळ आला तर गुमान खाली उतरायचं."

"दिग्दर्शकांना माहीत आहे हे?"

"तुझ्याशिवाय विचारलंय कोणी मला?"

ती हसली आणि पुन्हा तेल चोळू लागली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कागद घे. लिही. साहेब, दिलेला शब्द विसरू नका. लोक ओरडतात म्हणून दुसऱ्या कोणाच्या लेकराची हाडं मोडू नका."

तिने लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

"एवढ्याशा मजकुराला एवढा वेळ?"

"मोठ्या माणसाला नीट लिहावं लागतं, बाबा."

तिने वाचून दाखवलं. शब्दन् शब्द त्याच्या मनासारखा होता. त्याने जीभ दातांत धरून सही केली.

पंधरा दिवसांनी चश्मिस नाचतच दुकानात आला. "जिंकलो, काका! आत्ताच जाहीर झालं. उद्या सकाळी टाकीवर शूटिंग. खरी उडी, खरा माणूस! आम्हाला बघायला बोलावलंय!"

इस्त्री हातातच राहिली. जळका वास आला तेव्हा पिवळा मुखवटा तिला चिकटून निघाला होता.

"शब्द दिला होता त्याने," घरी तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "माझा हात धरून दिला होता."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "वीस हजारांपुढे आपलं एक पत्र कुठे पुरणार? तुम्ही उद्या तिकडे जाऊ नका. दगदग होईल." त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय चोळत बसली. सकाळी तो उठला तेव्हा ती तलावावर गेलेली होती.

त्याने दुकान उघडलंच नाही. दोन बस बदलून तो टाकीपाशी पोचला. दोरीपलीकडे पिवळ्या मुखवट्यांची ही गर्दी. पहारेकऱ्याने अडवलं, पण दिग्दर्शकाने त्याला लांबूनच चालीवरून ओळखलं आणि धावत आला.

"उस्ताद! मला वाटलंच होतं, आज तुम्ही येणार!"

"लाज नाही वाटली? गळा कापलात माझा."

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. "मी? अहो, वीस हजार सह्या आल्या तरी मी नाहीच म्हणत होतो. तुमचं पत्र आलं म्हणून तर तयार झालो."

"पत्रात मी 'नको' म्हटलं होतं."

दिग्दर्शकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. सारखा उघडून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. तो वाचू लागला. "साहेब, त्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं करतो. उडी खरीच होऊ द्या. ती मारणारं माणूस मी स्वतः घरी तयार केलं आहे. माझा पूर्ण होकार आहे." त्याने कागद पुढे धरला. "सही तुमचीच आहे ना?"

सही त्याचीच होती. पहिलं अक्षर भलंमोठं, शेवटचं ओळीखाली घसरलेलं.

शिट्टी वाजली. गर्दी एकदम ओरडली. वर टाकीच्या कडेला मुखवटा घातलेली एक सडपातळ आकृती फळीवर येऊन उभी राहिली. तिने गर्दीकडे पाहिलं नाही, हातही हलवला नाही.

डाव्या टाचेने तिने फळी दोनदा ठोकली.