आवाज वाढव

बोआदीचं लग्न ठरत होतं दूर सुन्यानीला, मुलीच्या घरी. कुमासीत मागे राहिलेली त्याची आई गुडघ्यांनी अधू, कानांनी मंद. "मी माझा स्टिरिओ कॉम्प्युटरला जोडतो, मावशींना शब्दन् शब्द ऐकू येईल," असं आम्पोफो म्हणाला, तर त्याचा हा जिवलग दोस्त बोआदी म्हणे, "राहू दे रे, कशाला त्रास!" मुलीचं नावसुद्धा लाजून सांगेना. आम्पोफोने तरीही दोन्ही मोठे स्पीकर खांद्यावरून मावशींकडे आणले, वायरी सोलून जोडले. आम्पोफोची प्रेयसी सेर्वा आजारी काकूकडे गेली होती. शनिवार तसाही रिकामाच होता.

ऐन विधीच्या वेळी व्हिडिओ कॉलवरचं चित्र अडकलं, पण आवाज खणखणीत येत राहिला. मुलीचा बाप रिवाजाप्रमाणे तिला विचारत होता, "पोरी, या लोकांनी मागणीसाठी आणलेल्या दारूच्या बाटल्या घेऊ ना? उद्या परत करायला लावू नकोस हं!"

"घ्या, बाबा."

आम्पोफोने आवाजाचं बटण मागे फिरवलं. सकाळीच हा आवाज त्याला फोनवर म्हणाला होता, "काकूचा ताप उतरत नाहीये रे."



"अरे, वाढव की आवाज!" बोआदीची आई म्हणाली. "अजून दोनदा विचारतील तिला. आता तरी नीट ऐकू दे."